शंभर मीटरच्या आत

६ ऑक्टोबर २००३, सोमवार
मोजणी पुरी झाली. नऊ वीरगळ, एका ओळीत, पूर्व-पश्चिम सव्वीस मीटर. थोरला पाच फूट सात इंच. शेंदराच्या पुटावरून बोट फिरवलं की कळतं — खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या बाया, माथ्यावर चंद्र-सूर्य. गाव नुसतं 'आमचे वीर' म्हणतं आणि नारळ फोडतं. ते किती जुने, कशासाठी उभे केले, हे शोधलं सातवी पास माणसाने! तानसाच्या पाइपलाइनवर पाळी करायची आणि उरलेल्या वेळात शहापूरचं वाचनालय. ठाण्याच्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी नकाशा पाहून विचारलं, सर्व्हेअर कोण? मीच, म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
मारुतीच्या देवळात बैठक. वीरांमागचा माळ कल्याणच्या एका बिल्डरला हवा आहे — बंगल्यांची स्कीम. वीरांना सरकारी संरक्षण मिळालं की शंभर मीटरच्या आत नवी वीटही लावता येणार नाही. हे मीच समजावून सांगितलं. स्कीम अडेल, आणि गावातली अकरा घरंही सापडतील. अकराचे अकरा आकडे वाचून दाखवले.
नामाभाऊ गावकीचे कारभारी. ते म्हणाले, "वीर आमाला पण पायजेत रे सावळाराम. पण नातवंडांनी काय वीरांच्या डोक्यावर झोपायचं?"
मागून कोणीतरी विचारलं, "आनि तुजं घर?"
एकशे चार मीटर, मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. सगळे हसले. नामाभाऊ तेवढे हसले नाहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार
नवसू आला होता. शाळेत आम्ही एकाच पाटीवर लिहिलेलं. वैशाखात त्याच्या पोराचं लग्न, त्याआधी मागे खोली काढायची आहे. त्याचं घर त्रेसष्ट मीटरवर.
"टेप जरा सैल धर रे सावळ्या. तुजा हात कोन बघायला आलाय?"
म्हटलं, टेप सैल धरायची तर मोजायचंच कशाला? उठून गेला. कपात अर्धा चहा तसाच. तंबाखूची डबी मी पुढे केली होती, तिला हात लावला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
भातकापणी. सावडीला कोणी आलं नाही. मी नवसूकडे दोन दिवस कापून दिलं, नामाभाऊंकडे एक. आज आमच्या शेतात आम्ही तिघंच — मी, ही आणि पोरगा दीपेश. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. संध्याकाळी विळा टांगताना ही म्हणाली, "दगड येतील का झोडपायला?"

२ नोव्हेंबर, रविवार
थोरल्या वीरापुढे पळसाच्या पानावर सुपाऱ्या. छातीवर ओले तांदूळ चिकटवलेले. कौल लावला आहे! आणि मला पत्ता नाही.
सुपाऱ्या मोजल्या. छत्तीस. गावात घरं सदतीस.
वीरांना जागचं हलवायचं तर आधी कौल, आणि घरटी एक सुपारी, घरटी एक माणूस. दोष लागला तर सगळ्यांना सारखा. एक घर जरी बाहेर राहिलं तरी हात लावायचा नाही. आजोबांच्याही आधीपासूनचा नेम. तो मोडण्याची छाती कोणाची नाही.
म्हणजे माझ्यावाचून त्यांचं अडलं आहे. स्वस्थ झोपेन.

८ नोव्हेंबर, शनिवार
साहेबांचं पत्र. अठराला स्वतः पाहायला येणार. नकाशात एक दुरुस्ती सांगितली आहे — अंतर मधल्या दगडापासून नाही, कडेच्या दगडापासून धरायचं. चूक माझी. कोणी शिकवलं नव्हतं, पण चूक ती चूक.
टेप घेऊन पुन्हा गेलो. आमचं घर ओळीच्या पूर्वेला, सरळ रेषेत. एकशे चारातून निम्म्या ओळीचे तेरा गेले. एक्क्याण्णव.
जेवताना सांगितलं. दीपेशचं लग्न शेणवे गावच्या भूमिका नावाच्या मुलीशी ठरलं आहे. तिच्या घरच्यांची एकच अट — आधी वेगळी खोली. तो घास हातात धरून बसला.
"आबा, कागद अजून आपल्याकडंच हाय ना? एकशेचारच राऊ द्या."
खोटा आकडा माझ्या हातून जाणार नाही, म्हटलं. तो ताटावरून उठला.

९ नोव्हेंबर, रविवार
नामाभाऊंना जाऊन सांगितलं — माझं घरही आत आलं, आता तरी हसा. हसले नाहीत.
"मंग बरं झालं," म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आठवडाभर गाव निवळलं आहे. नवसूने रस्त्यात हाक मारली. कोणीतरी दारात वालाच्या शेंगा ठेवून गेलं.
उद्या साहेब. दीपेश म्हणाला, तुमीच ठाण्याला जाऊन घेऊन या, आबा, नायतर वाट चुकतील. पोराला समज आली. हिने सदऱ्याला इस्त्री करून ठेवली आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी साहेबांसह आटगाव स्टेशनावर उतरलो आणि तडक वीरांकडे आलो.
नऊ खड्डे.
माती ओली. यंत्राच्या चाकांचा माग नाही. अनवाणी पावलं, दोरांचे वळ, बांबू घासल्याच्या खुणा — तळ्याच्या काठापर्यंत. पुढे पाणी. माणसं शेतात भारे बांधत होती. एकानेही मान वर केली नाही.
बिल्डरचं काम, मी ओरडलो. नामाभाऊ बांधावरून म्हणाले, "बिल्डर कौल लावतो व्हय?"
साहेबांनी माझा नकाशा बराच वेळ पाहिला. नकाशा सुरेख आहे, म्हणाले. घडी घालून माझ्या हातात दिला.
घरी ही भात वाढत होती. दीपेशचा उजवा खांदा सोललेला. भारे वाहून, म्हणाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
थोरल्याच्या खड्ड्यात पळसाचं पान होतं. सुपाऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
सदतीस.