निरोगी नमुना

ता. १४ ऑक्टोबर

चि. बोक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. चाळिशी उलटली तरी बोक्या म्हणते म्हणून फुगून बसू नकोस.

इकडे सगळं ठीक. खालच्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले, त्यामुळे जिन्यात आता माझ्याच चपला वाजतात. कामावरून आले की रेडिओ लावते आणि त्याच्याशी भांडते. तुझ्यासारखा उलटून बोलत नाही, एवढंच बरं.

आमच्या प्रयोगशाळेची गंमत ऐक. आम्ही एक सेन्सर बनवतोय. सोन्याचे नॅनोकण, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, एका लाल द्रावणात असतात. त्यात लघवीचे दोन थेंब टाकायचे. मूत्रपिंड बिघडू लागलं असेल तर लघवीत एक प्रथिन उतरतं आणि त्याने द्रावण निळं होतं. निरोगी माणसाचं लालच राहायला हवं. पण आमचं निरोगीही निळं व्हायचं! मग काय, द्रावण ओता, कण नव्याने बनवा, एकमेकांवर खेकसा. अख्खा पावसाळा हेच.

मागच्या महिन्यात एक दिवस मी तापाने घरी होते. त्या दिवशी आमच्या प्रमुख बाईंनी स्वतःचा नमुना वापरला. द्रावण लालबुंद राहिलं. दुसऱ्या दिवशी गेले तर सगळे नाचत होते. "अगं, जमलं एकदाचं!" मीही टाळ्या वाजवल्या.

बोक्या, तोवर निरोगी नमुना रोज माझाच असायचा. सकाळी सगळ्यांत आधी मी पोहोचते, म्हणून. सेन्सर खरं सांगत होता आणि आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो. टाळ्या वाजवता वाजवता माझ्या ध्यानात आलं. बाकी कुणाच्याच आलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्ही मूत्रपिंडांना सूज आहे. सुईने बारीकसा तुकडा काढून तपासायचाय. औषधाने बहुतेक आवरेल म्हणाले. मग विचारलं, "सोबत कोण येणार?" मी पटकन म्हणाले, "भाऊ येतोय."

फोनवर सांगणार होते. मागच्या आठवड्यात दोनदा केला आणि "काही नाही रे, सहज" म्हणून ठेवून दिला. तुलाही ते खरंच वाटलं.

सुई टोचल्यावर दिवसभर उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. पाणी द्यायलासुद्धा कुणीतरी लागतं. मला भीती वाटते रे. आजाराची थोडी, त्या खाटेवर एकटीने छताकडे बघत राहण्याची फार.

सत्तावीस तारखेला सकाळी दाखल व्हायचंय. डॉक्टरांना सांगून बसलेय, मला खोटं पाडू नकोस.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी ताई