झेंडूआडचा कॅमेरा

९ जून २०२५
पोलीस ठाण्यातून फोन. सुगतची केस पुन्हा काढलीय म्हणे! माझ्या भावाला उडवणारी गाडी चार वर्षं 'अज्ञात' होती. आता नवे साहेब आलेत, ते जुन्या केसेस कॅमेऱ्यावरून उकलणार. अपघाताच्या जागेसमोरच्या महारुद्रच्या खताच्या दुकानावरचं फुटेज तेव्हाच काढून ठेवलं होतं, पण अंधुक; ते आता यंत्रानं साफ केलंय. उद्या बघायला बोलावलंय. आईनं ठेवणीतली साडी काढली. मला तिचा राग आला — आणि माझाही, कारण आशा मलाही वाटतेय.

१० जून
झेंडू!
एवढा जपलेला पुरावा, त्यात झेंडू. दसऱ्याला महारुद्रनं तराजू पुजला, मोटारसायकल पुजली, मग कॅमेरा तरी उपाशी का ठेवावा? त्यालाही हार. हार घसरून काचेवर आला. पूजेचा हार काढायचा कसा, म्हणून तिथंच वाळत राहिला. सुगत गेला त्याच आठवड्यात. यंत्रानं साफ केलंय म्हणजे काय, तर आता पाकळी न् पाकळी दिसते. खालच्या फटीत थोडा रस्ता — कुत्रं, चपला, एक चाक. चाक! आपल्या जिल्ह्यात चाकांचा दुष्काळच ना.

साहेब म्हणाले, टेक्नॉलॉजी खोटं बोलत नाही. खरंय. मुकं काय खोटं बोलणार! महारुद्र मान खाली घालून म्हणाला, "देवाचं म्हणून घातला हो ताई." त्याच्यावर धड चिडताही येईना.

आई पडद्याला चिकटून बसलेली. पुन्हा लावा म्हणाली. लावलं. पुन्हा झेंडू.

११ जून
पेपरात साहेबांचा फोटो. 'तिसरा डोळा जागा'. डोळ्यावर फुलं पडलीत, एवढं छापायचं राहिलं.

१४ जून
आईचं डोकं फिरलंय. ताडकळसच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटली — कॅमेऱ्यात चालवणाऱ्याचं तोंड दिसलं, मी ओळखलं. नाव मात्र कुणाचंच घेईना. घरी आल्यावर मी तणतणले. काय दिसलं तुला? लोक हसतील!
ती भाकरी थापत म्हणाली, "हसू दे की. एक जण न्हाई हसणार."
मी हात जोडले. तिकडे साहेब, इकडे ही!

१६ जून
सकाळी बजरंग आला. त्या संध्याकाळी सुगतला आपल्या ऑटोत घालून परभणीच्या दवाखान्यात नेलं, तो बजरंग. सुगतच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला खुर्च्याही त्यानंच लावल्या होत्या. आत आला नाही, उंबऱ्याशीच बसला.
"मावशी, मी दिसलो म्हणं तुमाला."
आई उठून उंबऱ्यापर्यंत गेली, त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, "दिसलास."