उजव्या दोरीवर आपला झेंडा

आई,
वाकून नमस्कार.

मी धडधाकट आहे, जेवण वेळेवर मिळतं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

आमची शिडाची बोट लहानशीच. मागे मालकाच्या देशाचा झेंडा असतो, आणि ज्या देशात जाऊ त्याचा छोटा झेंडा मान म्हणून उजव्या दोरीवर चढवायचा. ते काम माझं.

गेल्या सोमवारी तिथे आपला झेंडा चढवला. हो, दोन दिवस आपल्याच बंदरात होतो. पाण्याच्या टाकीमागची आपली गच्ची दिसत होती. तू वाळत घातलेली हिरवी चादरसुद्धा ओळखली.

मालकाने उतरू दिलं नाही. म्हणाला, "मागचा खलाशी असाच तासाभरासाठी घरी गेला, तो परत आलाच नाही." खरं सांगू, मीही आलो नसतो.

फोन मुद्दामच केला नाही. तू डबा घेऊन धक्क्यावर उन्हात उभी राहिली असतीस. धाकटीला यातलं काही सांगू नकोस, उगाच डोक्यात राख घालून घेईल.

निघताना झेंडा उतरवला, नीट घडी घातली आणि त्याच्या जागी ठेवला, परक्या देशांच्या झेंड्यांच्या खणात.

तुझा,
थोरला