शुकपाच्या तेलाचा ऑपरेटर

९ मे २०१६, लाहौल (हिमाचल)
येऊन दहा दिवस झाले. शुकपा म्हणजे इथलं झाड, इंग्रजीत ज्युनिपर. बायका सकाळी त्याचा पाला जाळून घरभर धूर करतात. घर शुद्ध होतं म्हणे. चहालासुद्धा टर्पेंटाइनचा वास. शिसारी आली.
काम सोसायटीत. शुकपाची वाळकी फळं उकळून तेल काढतात. मी पोती वाहतो. महिनाभरात तेलाच्या मशीनवर ऑपरेटर होणार. ठरलं.

१० मे
कसली ही सोसायटी! चेअरमन छेरिंगदीदी स्वतः भांडी घासते. आमच्याकडं चेअरमनला खुर्चीतून उठलेलं कोणी बघितलंय?

१२ मे
चौसाळ्याच्या चारा छावणीतून आईचा फोन. म्हशी बऱ्या, तिचे गुडघे धरलेत. म्हणालो, तेल आणतो, इथल्या म्हाताऱ्या हेच चोळून डोंगर चढतात. ती म्हणाली, तेलाचं ऱ्हाऊ दे, त्रिंबकमामा विचारायलेत, परमनंट झाला का? न्हाईतर त्यांची शिवकन्या दुसरीकडं देणार. सांगून टाकलं, ऑपरेटर झालो. खोटं न्हाई, जरा आधी सांगितलं इतकंच.

१५ मे
दीदीला मशीन मागितलं. म्हणाली, आधी शीक. पाणी तापवायला काय शिकायचं बे? खालून जाळ, वरून वाफ, वाफेचं पाणी बरणीत. संपलं.

१८ मे, संध्याकाळ
दीदी मीटिंगला गेली. जाताना म्हणाली, फक्त जाळ बघ, बरणीला हात लावू नको. पण बरणीत बघवंना. पाण्यावर पिवळा तवंग! टँकरच्या पाण्यावर डिझेलचा येतो तसाच. आई तो वाटीनं काढून फेकते, खालचं पाणी भरून ठेवते. तसंच केलं. चार वाट्या घाण मोरीत. पाण्याचा थेंब वाया घालवला न्हाई, दोन कॅन भरले. दीदी बघतच ऱ्हाईल.

१९ मे
तवंग म्हणजेच तेल होतं.
दीदी ओरडली न्हाई, त्याचाच जास्त राग आला. म्हणाली, पाणी कशाला ठेवलंस? ते तर आम्ही फेकतो.
पाणी फेकतात! किळस आली या लोकांची.

२२ मे
दीदी म्हणाली, तुझी पाठ चांगली आहे, डोकं चालवू नकोस. हमाल म्हणून पक्का केला.
लगेच मामांना फोन लावला. परमनंट झालो! मामा म्हणाले, कशावर? हमालीवर, म्हणालो.
मामा म्हणाले, बरं झालं, तिकडंच ऱ्हा. शिवकन्येची सुपारी काल फुटली.