भर चर्चमध्ये माझं "नाही"

रविवार संध्याकाळ, मुलुंड

रूथ, माझ्या रोजनिशीचं कालचं पान लिहायचं विसरलीस ना? शिकलेली नात, पण डोकं चाळणी! लिही आता.

चर्चला नवा पाळक निवडायचाय, म्हणून दर रविवारी एकेक उमेदवार उपदेश करतो. मागच्या रविवारचे माईक फाटेस्तोवर ओरडले, तरी मी झोपले. आजचा हळू बोलणारा. उधळ्या पोराची गोष्ट, पैसा उडवून परतलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो ती, सांगून म्हणाला, "समजलं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मोठ्याने म्हटलं, "नाही! राबणाऱ्या थोरल्याचं काय चुकलं?"

तुझी आई लाजून लाल. तो मात्र उपदेशाच्या पुळपिटावरून उतरून माझ्या बाकाशी आला. "आजी, तिथं मीही अडतो."

अगं, असं कबूल करणारा पाळक कधी पाहिला होता का मी? माझं ते "नाही" अजून कानात वाजतंय!

बुधवारी मंडळी हात वर करून ठरवणार. माझे दोन्ही वर! त्याला बोंबलाचं कालवण पाठव, पण हात मोजून झाल्यावर. आधी पाठवलंस तर लाच म्हणतील.