लवंगेची खूण

कसबा बावडा,
ता. ५ ऑक्टोबर २०२५

ति. आपास मीरासाबचा सलाम, घरातल्या धाकट्यांना दुवा.

वि. वि. तुझी अर्शी सुखरूप पोचली. सोबत एक बॅग, एक वजनकाटा आणि एक तोंड. बॅग माळ्यावर ठेवली, काटा टेबलावर ठेवला. तोंड ठेवायला माझ्या बेकरीत जागा न्हाय.

पुण्याला बेकरीचं शिकून आलेली पोरगी. आल्या आल्या भट्टीत डोकावली आणि म्हणाली, की मामू, इथं थर्मामीटर कुठं असतो. मी म्हणालो, की बाळ, माझ्या हातावरचे केस हाच थर्मामीटर होता. तो जळाला, तेव्हापासून अंदाजानं चालवतो. त्यावर ती जे हसली, ते मला आवडलेलं न्हाय.

दिवाळीसाठी तिला मसाल्याची बिस्किटं करायची आहेत. गव्हाचं पीठ, गूळ, लोणी, त्यात सुंठ, लवंग, दालचिनी, जायफळ. अशी दोन बिस्किटं, आणि मधे चक्का-लोणी फेटून वेलदोडा घातलेलं क्रीम. क्रीम म्हणे गिऱ्हाइकासमोर भरायचं, नाहीतर बिस्कीट मऊ पडतं. मला आधी खोकल्याचं औषधच आठवलं. मग चाखलं. आपा, चांगलं झालंय. तिला सांगू नकोस.

एका गोष्टीवरून मात्र वाजलं. तिला पिठात अंडं हवं होतं. मी सांगितलं, की दिवाळीच्या पंधरवड्यात आपल्या भट्टीत अंडं शिरत नाही. केक बंद, ट्रे सोड्यानं घासलेले. गल्लीतल्या बायका घरचं तूप, रवा, साखर घेऊन येतात, इथं बसून नानकटाई वळतात, आपण भाजून देतो. त्यात माळकरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, आणि भट्टीवाला मीरासाब आहे. इथं एक अंडं फुटलं तर बेकरी फुटेल. तिनं तोंड फुगवलं, पण अंडं सोडलं.

तू तिला काहीतरी अट घालून पाठवलंयस म्हणे. ती तिच्या सोयीनं सांगते, मी माझ्या सोयीनं ऐकतो. तेव्हा तू लिहूनच कळव, म्हणजे मागाहून भांडायला बरं. फोन नको. कारखान्यातल्या ठोकाठोकीनं तुझे कान गेले, आणि तू बोललीस की सगळ्या बावड्याला कळतं. रोजच्या टेम्पोतून टोस्टची पिशवी तुझ्याकडं येतेच, तिच्यातच पत्र ठेवत जाऊ.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर परवडत नाही.

तुझा धाकटा,
मीरासाब


हुपरी,
ता. ७ ऑक्टोबर

चि. मीरासाबास बिबीजानची दुवा.

वि. वि. टोस्ट मिळाले. पिशवीच्या तळाचे जळके होते. आम्ही चांदीवाले, तळातलं आधी बघतो, एवढं ध्यानात ठेवून फसवत जा.

अट लिहिते. दोघांनी वाचावी. अर्शीनं स्वतःच्या हातानं केलेला एक घाणा तुझ्या काउंटरवर मांडायचा. अनोळखी गिऱ्हाइकांनी तो चाखावा, आपखुशीनं घ्यावा, आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीआधी संपवावा. तू मधे पडून कुणाला पावणं, घ्या की, म्हणायचं नाहीस. तुझी जीभ मला माहीत आहे. शिळा पावसुद्धा तू आहेर केल्यासारखा देतोस.

घाणा संपला, तर पोरगी खुशाल भट्टीवर राहू दे, लग्नाचा शब्द मी काढणार नाही. उरला, तर भाऊबीजेच्या आत घरी यायचं आणि हातकणंगल्याच्या अझहरच्या माणसांसमोर बसायचं. मुलगा वाईट नाही. मोबाइल दुरुस्त करतो आणि फारसा बोलत नाही. अर्शीच्या संसारात एकानं तरी न बोलणारं हवंच.

तू म्हणशील, आपा कठोर झाली. मीरा, मी जन्मभर पैंजणांच्या कड्या जोडत बसले. तुला काय करायचंय, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. हिला निदान एक घाणा तरी मिळतोय.

पोरीला सर्दी लवकर होते, धुरात उभी करू नकोस. लोभाचं तुझ्याकडं जे काही शिल्लक असेल ते तिच्यावर खर्च कर.

तुझी,
आपा


कसबा बावडा,
ता. १९ ऑक्टोबर

ति. आपास मीरासाबचा सलाम.

वि. वि. हे पत्र बसून वाच. पाणी जवळ ठेव.

भट्टीवर पंधरा घरांचे ट्रे एकदम येतात. चिठ्ठी लावली तर जळते, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी चारोळी टोचतं, कुणी बोटाचा ठसा उमटवतं, कुणी काटा-चमच्यानं रेघा ओढतं. लवंग ही मागच्या गल्लीतल्या रत्नव्वांची. माझी भट्टी पेटली तेव्हापासून त्यांची, आणि त्यांच्या लवंगेला हात लावायची कुणाची छाती नाही. हे बावड्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुझ्या पुण्याच्या पदवीधराला ठाऊक नव्हतं. तिनं शोभेसाठी प्रत्येक बिस्किटावर एकेक लवंग खोचली. मी त्या वेळी गुळाच्या व्यापाऱ्याशी भांडत होतो.

रत्नव्वांची नानकटाईही गव्हाची, गुळाची. रंग तोच, लवंग तीच. आपला भट्टीवाला काशिफ लवंग बघून अर्शीचे ट्रे रत्नव्वांच्या डब्यात ओतून मोकळा झाला. रत्नव्वांचे ट्रे इथं राहिले. अर्शीला वासानं कळायला हवं होतं, पण धुरानं तिचं नाक चोंदलेलं. (तू लिहिलं होतंस. हो. माहीत आहे.) तिनं काल सकाळी तेच काउंटरवर मांडले आणि क्रीम भरून द्यायला लागली.

आपा, लोक तुटून पडले. मी तोंडाला कुलूप लावून टोस्ट मोजत उभा होतो. इतक्यात हेल्मेट घातलेला एक पावणा बायकोला म्हणाला, की यातली बडीशेप झकास आहे. माझे कान उभे राहिले. अर्शीच्या बिस्किटात बडीशेप नाही. या गल्लीत नानकटाईत बडीशेप घालणारी बाई एकच. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि समजलो.

मग मी काय केलं? गप्प बसलो. गप्प बसणं हा अर्धा धंदा आहे, उरलेला अर्धा मैदा. घाणा संपला. अर्शी रिकामा ट्रे डोक्यावर घेऊन नाचली.

आणि रत्नव्वा आल्या. काखेत डबा, मागं अर्धी गल्ली. म्हणाल्या, की मीरासाब, लेकीची सासू निपाणीहून पहिल्यांदा दिवाळीला आली आणि तिला तू चहासोबत काढा खाऊ घातलास. बाई मला विचारते, आम्ही काय खोकत आलो काय. तोवर ठीक होतं, रत्नव्वांचं ओरडणं म्हणजे भट्टीची धग, सवय असते. पण मग त्यांनी डबा काउंटरवर ठेवला, आवाज खाली आणला आणि विचारलं, की यात अंडं हाय काय.

त्या खालच्या आवाजाला मी भ्यालो. रांगेतली माणसं हलेनात. मी अल्लाची शपथ घेतली, तर त्या माझ्याकडं बघेनात. अर्शीकडं बघत राहिल्या. अर्शीनं सांगितलं, की घालायचं होतं मला, मामूनं घालू दिलं नाही. रत्नव्वांनी श्वास सोडला, मी सोडला, रांगेनं सोडला.

अर्शी इथंच थांबली असती तर काय बिघडलं असतं? पण डबा बघून तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि तिनं तोंड उघडलं. मी इतके डोळे मिचकावले, की एका पावण्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला. पुढचं तिच्याच पत्रात वाच.

माझं मत विचारशील तर घाणा संपला आहे. क्रीम अर्शीचंच होतं, आणि क्रीम म्हणजे निम्मं बिस्कीट. विचार कर. रागावलीस तरी टोस्ट येत राहतीलच.

तुझा,
मीरासाब


कसबा बावडा,
ता. १९ ऑक्टोबर

ति. अम्मीस अर्शीचा सलाम.

वि. वि. मामूनं स्वतःचं डोळे मिचकावणं कमी करून लिहिलंय. एका बाईनं त्याला पाणी आणून दिलं होतं.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, की सकाळपासून तुम्ही जी खाल्ली ती रत्नव्वाकाकींची नानकटाई, माझं फक्त क्रीम. माझी बिस्किटं काकींच्या घरी गेली. मामू आता विचारतोय, बोलायची काय गरज होती. अम्मी, उद्या तीच माणसं बडीशेपवाली मागायला आली असती, मग मी काय रोज काकींचे ट्रे चोरणार होते? आणि काकींनी अंड्याचं विचारल्यावर मी खरं सांगितलं होतं. त्याच तोंडानं पुढच्या मिनिटाला खोटं कसं बोलू? जमलंच नाही.

काकी आधी माझ्यावर ओरडल्या, की माझ्या नानकटाईत चक्का भरायला तुला कुणी सांगितलं. त्यांच्याच नानकटाईचा एक फुटका तुकडा राहिला होता, त्यावर क्रीम लावून दिला. उभ्या उभ्या खाल्ला. क्रीमचं अख्खं पातेलं पदराखाली घेतलं आणि निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, की लवंगेला परत हात लावलास तर बोटं मोडीन, दुसरी खूण शोध. पातेलं अजून आलेलं नाही.

तर अट मी हरले. माझा घाणा विकला गेलाच नाही, काकींच्या विहीणबाईंनी फुकट खाल्ला. काढा काढा म्हणत सगळा संपवला म्हणे, पण ते विकणं नव्हे. मामूच्या वकिलीवर जाऊ नकोस. मी भाऊबीजेच्या आत येते, अझहरच्या लोकांसमोर बसते, तोंडही आवरीन.

मला राहायचं होतं, एवढंच. बाकी सर्दी बरी आहे. रागावू नकोस, आणि रागावलीस तर मी आल्यावर रागाव.

तुझी,
अर्शी


हुपरी,
ता. २१ ऑक्टोबर

चि. अर्शीस अम्मीची दुवा.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. मीरासाबचं एकदा, तेही चष्मा न लावता.

अट तू हरलीस. त्यात वाद नाही. क्रीम म्हणजे निम्मं, असं म्हणणाऱ्या तुझ्या मामाला सांग, की घुंगरू लावणारा पैंजण माझा म्हणत नाही.

काल हातकणंगल्याची मंडळी आली होती. अझहरच्या आईनं विचारलं, की मुलगी स्वभावानं कशी. मी सांगितलं, की भर दुकानात, मामा डोळे मिचकावत असताना, स्वतःच्या नुकसानीचं खरं बोलते. बाई म्हणाल्या, की आमच्याकडं माणसं बरीच आहेत, थोडं सांभाळून बोलावं लागतं. मी म्हणाले, की बरोबर आहे, चहा घ्या आणि दुसरीकडं बघा.

थोडं तरी खोटं बोलता आलं असतं, अर्शी, तर सासरी निभावलं असतं. तुला ते येत नाही. आता तुला भट्टीशिवाय कोण ठेवून घेणार?

या टेम्पोत तुझी लोखंडी पेटी पाठवली आहे. त्यात गोधडी, दोन स्वेटर, आणि थंडीतली टोपी आहे. टोपीला नाक मुरडू नकोस. पेटी उतरवून घ्यायला काशिफला सांग, मामाला उचलू देऊ नकोस, कंबर धरून बसेल आणि मला पत्र लिहील. पेटी परत पाठवायची नाही. इथं ठेवायला जागा उरली नाही. तुझ्या खिडकीखाली उजेड चांगला येतो, म्हणून पैंजणांचं टेबल मी आज सकाळी तिथं सरकवलं.

लोभ असू दे. नसला तरी मी आई आहे, तुला पर्याय न्हाय.

तुझी,
अम्मी