आईला उठवताना

३ नोव्हेंबर
आज दिघीला आईला पलंगावरून खुर्चीत घ्यायला गेले आणि दोघी खाली बसलो. लागलं नाही कुणाला. गणराजने धावत येऊन तिला उचललं, माझ्याकडे बघितलंही नाही. नंतर अंगणात हळूच म्हणाला, "ताई, तुझ्याच्यानं न्हाय व्हनार. पनवेलला म्हाताऱ्यांचा एक आश्रम हाय, बघून आलोय."
भाऊ वाईट नाही. तो दिवसभर बंदरात कामाला, आणि आईला उचलून उचलून वहिनीची कंबर गेलीय. आईला खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाय टेकायला सांगितलंय — ती टेकत नाही. पुन्हा पडू ही भीती. पाय नुसते लोंबतात.
फेरीबोटीने खाडी ओलांडून मुरूडला घरी परतले.

५ नोव्हेंबर
मुरूडच्या जिममध्ये नाव घातलं. दुपारी बायकांची वेळ असते. शिकवणारी मृणाल माझ्या मुलीच्या वयाची. तिला सांगितलं, बारीक नाही व्हायचं, आईला उचलायचंय. ती हसली नाही. कशी उचलता ते दाखवा, म्हणाली. मी कमरेतून वाकले. तिने तिथेच थांबवलं.

१० नोव्हेंबर
उताणं झोपून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलायची. सोपं वाटलं — तर मांडीमागे असा गोळा आला की डोळ्यांत पाणी! मृणालचं म्हणणं, कुल्ल्याचे स्नायू कामच करत नाहीत, त्यांचा भार मांडी ओढतेय. शिलाई मशीनवर वर्षानुवर्षं बसून ते झोपलेत. टाचा जवळ घ्या, बोटं लावून बघा घट्ट होतंय का. लावली. मऊ.
स्वतःच्या अंगाचा एवढा मोठा भाग, आणि माझं ऐकत नाही. आईला मात्र मी किती बोल लावले, की तू मनावरच घेत नाहीस.

१३ नोव्हेंबर
आज घट्ट झालं. दोन्हीकडे!

२१ नोव्हेंबर
उठाबशा. मी चवड्यांवर जाते आणि गुडघे आत पडतात. मृणालने गुडघ्यांवर रबरी पट्टा चढवला, तो बाहेर ताणत बसायचं — आधी कुल्ले मागे, मग खाली, टाच उचलायची नाही. घाई करू नका काकी, म्हणते. लोकांचे ब्लाउज पडून आहेत. पडू देत.

३० नोव्हेंबर
वजनाचा दांडा जमिनीवरून उचलला. पाठ सरळ, पोट घट्ट, दांडा नडगीला लागून. उचलायचं मनात आणू नका, पायांनी जमीन ढकला — हे तिचं वाक्य ऐकलं आणि तो आपसूक वर आला.
घरी ह्यांना पलंगावर बसवून सराव केला. आईसारखं अंग सोडा म्हटलं, तर गुदगुल्या होतात म्हणून हसत सुटले. शेवटी उठवलं मात्र.

७ डिसेंबर
दिघीला गेले. आईला पलंगाच्या कडेला आणलं, तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांत धरले, तिला छातीशी घेतलं. मागे बसल्यासारखं होऊन पाय रोवले. आली वर! खुर्चीत नीट बसवली.
ती म्हणाली, "माझं वझं कशाला घेतंस बाय?"
मी म्हटलं, "शिकून आलेय, आई."
गणराज दारातच उभा होता. आत गेला आणि तिची कपड्यांची पिशवी आणून माझ्या हातात दिली. आश्रमाचं नाव नाही निघालं.

१४ डिसेंबर
आई आमच्याकडे आहे. दिवसातून कितीदा उठवायचं, बसवायचं. जमतंय. पण मनात येतं, असं किती वर्षं? उद्या माझीही कंबर गेली तर? मृणालला विचारलं. ते सांगता येत नाही काकी, असं सरळ म्हणाली, बरं वाटलं.

१९ डिसेंबर
सकाळी आई हलकी लागली. वाटलं, माझंच बळ वाढलं. खाली बघितलं — तिच्या पायांची बोटं फरशीवर दाबून पांढरी पडली होती. मी हात सैल सोडले. ती उभी होती.